ठोकमामाचा कान

भिंतीला विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असं माझा मामा म्हणायचा. ते वाक्य मी माझ्या ऑफिसच्या माहितीपत्रकावर छापून घेतलं होतं, त्याला न विचारता. जुनी घरं न पाडता राहण्याजोगी करून देणारी आर्किटेक्ट अशी माझी थोडीफार ओळख होती. तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा मामाचा होता, हे मी चारचौघांत कधी कबूल केलं नाही. आज करते. त्याने आता कुणाचं काही भलं होणार नाही, ते वेगळं.

मामा मूळचा वायरमन. भिंतीत खाचा पाडून त्यात विजेचे पाइप बसवायचं काम त्याने विसाव्या वर्षी धरलं आणि चाळीस वर्षं केलं. खाच पाडण्याआधी आत काय आहे ते कळायला हवं, नाहीतर छिन्नी लाकडात रुतते किंवा सरळ पलीकडच्या खोलीत निघते. एकदा ती अशीच पलीकडच्या न्हाणीघरात निघाली, आणि अंगाला साबण लावून उभ्या असलेल्या गृहस्थांनी त्या भोकातून ज्या शिव्या हासडल्या, त्या मामा जन्मभर साभिनय म्हणून दाखवायचा. मामी म्हणायची, "पुरे आता, पोरीसमोर." आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायला लागायची.

त्या दिवसापासून तो आधी ठोकायला लागला. मधलं बोट वाकवून त्याच्या पेराने तीनदा ठोकायचं, कान भिंतीजवळ न्यायचा, एक वीत पुढे सरकायचं, पुन्हा तीनदा. वीट कुठे आहे, माती कुठे भरलीय, लाकडी खांब कुठून गेलाय, वाळवीने आतून काय खाल्लंय, हे तो सांगायचा आणि खिशातल्या खडूने भिंतीवर खूण करायचा. भरीव तिथे गोल, पोकळ तिथे फुली. गवंडी त्या खुणा बघूनच हातोडा उचलायचे. लोक त्याला ठोकमामा म्हणू लागले, आणि पुढे पुढे त्याचं खरं नाव वीजबिलावर तेवढं उरलं.

भिंत फोडायचं मशीन बाजारात आलं तेव्हा आमच्या भागात ते सगळ्यात आधी त्याने घेतलं. त्याचा आवाज असा की गल्लीतली कुत्री गल्ली सोडून जायची. कानात निदान कापूस तरी घालत जा, असं सांगून मामी थकली. "कान बंद केले तर भिंत काय म्हणते ते कळायचं कसं?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. भिंतीसाठी त्याने कान उघडे ठेवले आणि त्या मशीनने ते थोडे थोडे करून खाल्ले. हे असं होत असतं तेव्हा कुणाला दिसत नाही. मला तर मुळीच दिसलं नाही, कारण मला ते बघायचंच नव्हतं.

मी आईबरोबर मामाकडेच वाढले. ठोकायला मी त्याच्याकडूनच शिकले, शाळेच्या सुट्टीत, त्याच्या मागे मागे फिरून. पुढे आर्किटेक्ट झाले, ऑफिस थाटलं, तेव्हा वायरिंगमधून निवृत्त झालेल्या मामाला मी जुन्या घरांच्या पाहणीला नेऊ लागले. गिऱ्हाइकांना तो फार आवडायचा. मी नकाशे पसरून तासभर बोलले तरी त्यांची जांभई थांबायची नाही, आणि मामाने बोट वाकवलं की सगळं घर श्वास रोखून उभं राहायचं.

नव्या इमारतींवर त्याचा राग होता. मी नकाशा काढलेल्या एका नव्या फ्लॅटमध्ये त्याला हौसेने घेऊन गेले तर त्याने खोल्यांमधल्या पातळ आडभिंतीवर बोट आपटलं आणि म्हणाला, "याला भिंत म्हणतेस? इथे ठोकलं तर पलीकडचा म्हणेल, या ना, दार उघडंच आहे." त्या फ्लॅटला बक्षीस मिळालं होतं. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.

गेल्या दोन वर्षांत त्याच्यात फरक पडला होता. टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतील इतका वाढला. काही विचारलं की तो आधी "हो" म्हणायचा आणि मग आपल्या तोंडाकडे बघत राहायचा. फोन त्याने बंदच केला, म्हणे, "समोरासमोर बोललेलं बरं असतं." आणि मी बरोबर नसेन तर तो कुठल्याही घराच्या पाहणीला जाईना. मला वाटलं, म्हातारपणी भाचीवर माया वाढली. माणूस स्वतःबद्दल किती गोड गैरसमज करून घेऊ शकतो!

मामीने मला एकदा स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. "अगं, त्यांना कानाच्या डॉक्टरकडे ने ना एकदा. माझं ऐकत नाहीत. तू म्हणालीस तर येतील."

"नेते गं मामी. हे एवढं काम हातावेगळं होऊ दे."

हे एवढं काम म्हणजे काकूंचं घर.

काकू म्हणजे आमचं गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षिका. काका एका वाचनालयात ग्रंथपाल होते. दोन मजल्यांचं घर, सत्तर-ऐंशी वर्षांचं, लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये विटा भरलेल्या. काकांची आठवण तीन वर्षांपासून जात चालली होती. काकूंचं नाव गेलं, वाचनालय गेलं, आपल्याला मुलगी आहे आणि ती परदेशात असते हेही गेलं. पण घर गेलं नव्हतं. सकाळी उठून डावा हात भिंतीला लावून ते बोळातून चालत जायचे, मान वर न करता दिव्याचं बटण दाबायचे, दोन पायऱ्या उतरून मागच्या खोलीतल्या खिडकीशी खुर्चीत बसायचे. त्या वाटेवर त्यांना कुणाची गरज लागत नसे. खिडकीशी बसले की चेहरा असा निवांत की या माणसाला काही झालंय हे परक्याला कळणारही नाही.

अडचण एकच होती. बाथरूम वरच्या मजल्यावर, आणि जिना चढताना ते दोनदा पडले होते. काकूंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "खाली बाथरूम करून द्या. पण त्यांच्या हाताला काही बदललेलं लागता कामा नये. हे घर आहे तोवर ते माझ्याकडे आहेत. डॉक्टर म्हणालेत, जागा बदलली तर ते राहिलं-साहिलंही जाईल. फार वेळ लावू नका, आणि फार तोडफोडही करू नका."

असं काम आयुष्यात एकदा मिळतं. मी जीव ओतला. बोळाच्या टोकाला सामानाची एक अंधारी खोली होती, तिचं बाथरूम करायचं ठरलं. मामाने निवृत्ती बाजूला ठेवून वायरिंग सगळं नवं घातलं, पण काकांची जुनी काळी गोल बटणं होती तिथेच, होती तशीच ठेवली. रंगसुद्धा मी जुन्या रंगाचा पोपडा नेऊन जुळवून आणला. राहिलं होतं फक्त त्या सामानाच्या खोलीचं दार. ते इतकं अरुंद की काकांना धरून काकूंना आत जाता येत नव्हतं. एका बाजूने हातभर भिंत काढायची होती. त्याच बाजूला, गिलाव्याच्या आत, वरची तुळई पेलणारा एक खांब होता. तो ठणठणीत असेल तर त्याच्या शेजारच्या विटा काढून काही बिघडणार नव्हतं. आतून गेलेला असेल तर मात्र सगळा भार त्या विटांवरच आलेला असणार. जुन्या घरांत हे नेहमी होतं. खांब कधीचा संपलेला असतो आणि भरणीच्या विटा निमूटपणे घर उचलून धरतात.

सोमवारी सकाळी मामाने ठोकलं. बोळात मी, काकू, आणि हातोडा टेकवून उभा असलेला गवंडी. मामाने खांबावर तीनदा ठोकलं. वर, मध्ये, खाली.

मला पोकळ ऐकू आलं.

हे मी अजून कुणाला लेखी दिलेलं नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. मधल्या ठिकाणी आवाज पोकळ आला. मामाने खडू काढला आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात काकूंनी माझा दंड धरला. "ठीक आहे ना सगळं?" त्यांच्या आवाजात असा काही जीव गोळा झाला होता की मी त्यांच्याकडे वळून हसले. हसून मान हलवली. घाबरलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून आम्ही लोक हसतो, ती आमची सवयच असते. परत वळले तेव्हा भिंतीवर गोल काढलेला होता.

मी स्वतःला म्हटलं, मामा गोल म्हणतोय म्हणजे माझाच कान चुकला. आणि चारचौघांत त्याला खोटं पाडायचं? अडुसष्ट वर्षांच्या माणसाला, माझ्याच साइटवर? बुधवारी एकटी येईन, बारीक ड्रिलने भोक पाडून भुसा बघेन, काय ते ठरवेन. काम गुरुवारी सुरू व्हायचं होतं. दोन दिवस हातात होते. मी मूग गिळून गप्प बसले.

मंगळवारी काकांची डॉक्टरकडे तपासणी होती. काकूंच्या मनात आलं, ते घरात नसतानाच तोडफोड उरकली तर बरं, हातोड्याच्या आवाजाने ते बिथरतात. त्यांनी सकाळी गवंड्याला बोलावून घेतलं. यात त्यांची काय चूक? त्यांनी काकांचाच विचार केला. गवंड्याने खूण बघितली, दाराच्या वरच्या पट्टीला दोन टेकू लावले आणि विटा काढायला सुरुवात केली. तुळईखाली टेकू लावायचं त्याला सुचलं नाही, किंवा गोल बघून गरज वाटली नाही. नंतर तो मला म्हणाला, "ताई, पाचवी वीट काढली तेव्हाच मला खांब पोकळ वाटला होता. पण मामांची खूण होती ना. मी कोण बोलणार?"

सातव्या विटेनंतर खांब मधून बसला. तुळई चार बोटं खाली आली. गवंडी अंग चोरून बोळाबाहेर पळाला म्हणून वाचला. वरच्या खोलीची जमीन कलली, मागची भिंत बाहेर झुकली, जिना आपल्या जागेवरून सुटला. मी पोहोचले तेव्हा पालिकेचा इंजिनिअर आलेला होता. त्याने आत पाऊलही टाकलं नाही. बाहेरूनच बघून म्हणाला, "हे आता उभं ठेवता येणार नाही." मी त्याच्याशी वाद घातला, आकडे सांगितले, लोखंडी आधार देऊ म्हटलं, हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्हालाही दिसतंय." दिसत होतं.

डॉक्टरकडून काकू आणि काका रिक्षाने आले. घराभोवती दोरी बांधलेली होती. काका सरळ दोरीखालून वाकून दाराकडे निघाले. त्यांना अडवायला दोन माणसं लागली. ते ओरडत नव्हते, फक्त पुन्हा पुन्हा आपला हात सोडवून घेत होते, आपल्याच घरात जाण्याला कुणाची हरकत का असावी हे न कळल्यासारखे. काकू माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रस्त्याच्या कडेला बसल्या आणि मला म्हणाल्या, "त्यांची चप्पल तरी आतून आणता येईल का?" तीही आणता आली नाही.

तीन आठवड्यांत घर पाडलं.

मामाने सगळा दोष स्वतःवर घेतला. काकूंसमोर, पालिकेत, गवंड्यासमोर. "खूण माझी होती," एवढंच म्हणायचा. आणि मी घेऊ दिला. ऑफिसातले लोक म्हणाले, वय झालं हो, किती दिवस चालवणार. मी तेव्हाही गप्प. मामा एका सकाळी कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डावा कान जवळपास गेलेला, उजवा निम्म्याहून जास्त. त्याने यंत्र घेतलं. घरी येऊन त्याने भिंतीवर एकदा ठोकून बघितलं आणि मामीला म्हणाला, "डबा वाजवल्यासारखं वाटतं. सगळं सारखंच." खडू त्याने मामीच्या हातात दिला. मामीने तो कुठे ठेवला मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

काका-काकू आता एका नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर भाड्याने राहतात. मुलीने परदेशातून फोनवर ठरवून दिलेली जागा. गुळगुळीत पांढऱ्या भिंती, उंबरा नाही, दारं भिंतीत अशी बेमालूम बसवलेली की चौकटही दिसत नाही. मासिकात असं घर छापून आलं की मी पान दुमडून ठेवते. काकांना त्यात बाथरूमचं दार सापडत नाही. कपाटाचं दार, झोपायच्या खोलीचं दार, सगळ्या एकसारख्या पांढऱ्या फळ्या. ते भिंतीवरून हात फिरवत संपूर्ण घराला फेऱ्या घालतात आणि मधेच थांबतात, आणि मग काकूंना फरशी पुसावी लागते. त्या निमूटपणे पुसतात. मुलांना पाढे शिकवलेली बाई, आता तिला दिवसातून दोन वाक्यं बोलायलाही माणूस नाही.

मामा रोज दुपारी तिथे जातो. काकूंना तासभर झोप मिळावी म्हणून काकांपाशी बसतो. मी तिकडे फिरकले नव्हते. गेल्या आठवड्यात मामीने फर्मावलं, "तुझ्या मामांना तिथून घेऊन ये, पायाला सूज आलीय, जिने चढू देऊ नकोस." लिफ्ट बंद होती. मी चढत गेले तर मामा चौथ्या मजल्यावरच्या पायरीवर दम खात बसलेला. मी त्याच्या शेजारी बसले. यंत्र त्याच्या कानात होतं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मामा, त्या दिवशी मला पोकळ ऐकू आलं होतं."

त्याने सुजलेल्या पायावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मला काहीच ऐकू आलं नव्हतं. दोन वर्षं येत नव्हतं."

"मग खुणा?"

"तुझ्या तोंडावरून करायचो. तुझा कान पक्का आहे, मीच तयार केलाय. पोकळ लागलं की तुझ्या कपाळाला आठी पडते, लहानपणापासून. ती दिसली की मी फुली काढायचो. एकदाही चुकलो नव्हतो."

मला सगळं दिसलं. मी नसताना तो का येईना, ठोकल्यावर भिंतीकडे न बघता माझ्याकडे का बघायचा. मी त्याच्या कानावर विसंबून आणि तो माझ्या कपाळावर. भिंतीचं कुणीच ऐकत नव्हतं. जिने एकटीने ऐकलं ती गप्प बसली.

"त्या दिवशीही आठी पडली असेल ना रे?"

"पडली. मी फुली काढणारच होतो. पण मग तू हसलीस."

मी त्याचा हात धरायला गेले. त्याने तो धरू दिला, पण त्यात काही जोर नव्हता. मी म्हणाले, काकूंना सांगते, सगळ्यांना सांगते. तो म्हणाला, "सांग. पण आधी वर चल, त्या बाईची झोप जाते."

वर काकूंनी दार उघडलं, मला बघितलं आणि आत जाऊन आडव्या झाल्या. काका सोफ्याच्या कडेवर बसले होते, अंगात बाहेर जायचा शर्ट, बटणं नीट लावलेली. मामा त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसला. काकांनी त्याच्याकडे ओळखीचं हसून विचारलं, "निघायचं का घरी? उशीर होतोय."

"थोडं थांबू," मामा म्हणाला.

काकांनी मान हलवली, भिंतीकडे बघितलं. पाच मिनिटं झाली नसतील. "निघायचं का घरी? उशीर होतोय."

"थोडं थांबू."

तासाभरात मी अकरा वेळा मोजलं, मग मोजणं सोडून दिलं. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, तितक्याच आशेने, आणि प्रत्येक वेळी मामाचं तेच उत्तर. शेवटी मला सहन होईना. मी मामाच्या जवळ वाकून हळूच म्हटलं, "मामा, इथे बसतोस तेवढा वेळ ते यंत्र काढून ठेवत जा ना."

"नको," मामा म्हणाला. "यासाठीच तर घेतलंय."

काका पुढे सरकले, त्यांनी मामाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुन्हा विचारलं. मामाने मान त्यांच्याकडे वळवली, उजवा कान जरा जवळ नेला, आणि त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं.